घुसळणीचा पुरावा

आमच्या घरात सकाळी गजर वाजत नाही, सासरे वाजतात. आधी खोकला, मग मागच्या दाराची कडी, मग अंगणात एका पायावर उड्या. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच सकाळी मला वाटलं, घरात चोर शिरलाय आणि अंधारात त्याच्या पायावर काहीतरी पडलंय. नवऱ्याने कूस बदलली आणि म्हणाला, “घुसळण चाललीय. झोप तू.”

घुसळण हे नाव शाळेतल्या पोरांनी ठेवलेलं. सासरे शाळेत खेळाचे शिक्षक. हा व्यायाम त्यांनी स्वतः बसवलेला: आधी उजव्या पायावर उड्या, मग डाव्या, मग हात कमरेवर ठेवून कंबर दोन्ही बाजूंनी गरागरा फिरवायची, आणि शेवटी गुडघे छातीपर्यंत उचलत डोक्यावर टाळ्या. ते स्वतः त्याला कधी घुसळण म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘दहा मिनिटं’. दूधवाल्याला विचारतात, दहा मिनिटं केली का? पाहुण्यांना विचारतात. आमच्या लग्नाची बोलणी करायला माझे वडील आले, त्यांनाही बसता बसता विचारलं, “रोज दहा मिनिटं करता की नाही?” माझ्या वडिलांना वाटलं हे कसल्यातरी व्यसनाबद्दल विचारतायत. ते घाईघाईने म्हणाले, “छे छे, आमच्या घरात कुणीच नाही.” तरीही लग्न झालं, यातच काय ते आलं.

तर अशी ही दहा मिनिटं शाळेत रोज पहिल्या तासाआधी व्हायची. कुणी हरकत घेतली नव्हती, कारण कुणाला विचारलंच नव्हतं. या वर्षी नवीन मुख्याध्यापिका आल्या. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणतात. मोठ्या बाईंनी वेळापत्रक तपासलं आणि पहिला तास रोज दहा मिनिटं उशिरा सुरू होतो हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी सासऱ्यांना बोलावून घेतलं.

“सर, या व्यायामाचा उपयोग होतो याला पुरावा काय?”

“मुलांकडे बघा ना, बाई.”

“मुलांकडे बघतेच आहे. त्यांचं गणितही बघते आहे. पुरावा आणा. नाहीतर पुढच्या सत्रापासून हे बंद.”

त्या दिवशी सासरे घरी आले आणि चहा नको म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. या घरात चहा नाकारणं म्हणजे अंथरूण धरल्यासारखंच.

इथे माझा प्रवेश होतो. मी क्रीडाशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लग्नानंतर शिकतेय, त्यामुळे वर्गातली पोरं मला ताई म्हणतात आणि वर्गाबाहेर पडली की काकू. दर वर्षी आमच्या विषयाची मोठी परिषद भरते आणि तिथे विद्यार्थ्यांना आपलं संशोधन पोस्टरवर मांडता येतं. त्यासाठी आधी अडीचशे शब्दांत गोषवारा पाठवायचा. तो पसंत पडला तर पोस्टर, नाहीतर घरी बसा. बहुतेक लोक मोजणी सुरू व्हायच्या आधीच गोषवारा पाठवून मोकळे होतात आणि खाली लिहितात, ‘निष्कर्ष परिषदेत मांडले जातील.’ आमच्या मार्गदर्शक मॅडमना या वाक्याचा भयंकर राग. ते दिसलं की त्या आख्खा कागद लाल करतात. “निष्कर्ष हातात नसेल तर काय पाठवताय?” त्या म्हणतात. “लग्नाआधी बारशाचं आमंत्रण?”

माझे दोन विषय त्यांनी आधीच फेटाळले होते. तिसऱ्याची मारामार होती आणि घरात सासरे चहा नाकारून बसले होते. मी म्हटलं, बाबा, आपण मोजूया ना. काही मुलांनी तुमची दहा मिनिटं करायची, काहींनी नाही, आणि मग कोण जास्त उंच उडी मारतं ते बघायचं.

सासऱ्यांनी दोन कप चहा घेतला. दुसऱ्या दिवशी गल्लीभर झालं की सूनबाई पुरावा काढतेय. ते ‘पुरावा काढतेय’ अशा थाटात सांगत होते की लोकांना वाटलं मी विहीर खणतेय.

भांडण झालं ते आखणी करताना.

“अर्धी मुलं नुसती बसणार?” ते म्हणाले. “दहा मिनिटं? मैदानावर?”

“बाकावर, बाबा. त्यांना नियंत्रण गट म्हणतात. ती बसली नाहीत तर तुलना कशाशी करायची?”

“या थंडीत?”

“स्वेटर घालून.”

“स्वेटर घालून बसतात ते म्हातारे,” ते म्हणाले, पण मॅडमचं नाव काढल्यावर गप्प झाले. शिकवणाऱ्या माणसाबद्दल त्यांना मनापासून आदर आहे, तो शिकवणारा त्यांच्या मताविरुद्ध बोलत असला तरी.

मॅडमनी आणखी एक अट घातली. घुसळणाऱ्या मुलांजवळ सासऱ्यांनी उभं राहायचं नाही. सासऱ्यांचा आवाज मॅडमनी एकदा फोनवर ऐकला होता, तोही मी पलीकडच्या खोलीत असताना. “ते ओरडले म्हणून मुलं उंच उडाली की व्यायामामुळे, हे आपल्याला कसं कळणार?” त्या म्हणाल्या. मुद्दा बरोबर होता. व्यायाम तर मुलांना पाठच होता. शाळेच्या खेळाच्या संघाची कप्तान मुलगी पुढे उभी राहून करून घेऊ शकत होती.

राहिला प्रश्न सासऱ्यांचा. आणि मी, मला फार अक्कल आहे अशा समजुतीने, ठरवलं की त्यांना बसणाऱ्या मुलांवर लक्ष ठेवायला द्यायचं. पाण्याच्या टाकीमागे बाक होते. तिथे बसलेल्या मुलांना घुसळण दिसणार नाही, सासरे घुसळणीपासून लांब राहतील, आणि मी भिंतीपाशी माझी मोजपट्टी चिकटवायला मोकळी. एका दगडात किती पक्षी! मी स्वतःवरच खूष होते.

मोजणी आठवडाभर चालली. मुलाने भिंतीला खेटून उभं राहायचं, बोटांना खडूची पूड लावून हात वर करून ठसा उमटवायचा, मग जागेवरून उडी मारून जमेल तेवढ्या वर दुसरा ठसा. दोन ठशांमधलं अंतर ती उडी. घुसळणारी मुलं यायची, मग टाकीमागून बसणारी यायची. बसणाऱ्यांचे गाल लाल झालेले असायचे. मला वाटायचं, बिचारी गारठलीत. एकीला मी विचारलंही, थंडी वाजते का गं? ती म्हणाली, “नाही ताई, आता नाही.” माझ्या डोक्यात काहीही शिरलं नाही. मी आपली ठसे मोजत राहिले.

निकाल लागला तो असा की दोन्ही गटांत फरकच नव्हता. कणभरही नाही. मी आकडे तीनदा तपासले. चुकून मी एकाच गटाची मुलं दोनदा मोजली की काय, इथपर्यंत शंका घेतली.

मॅडम खूष झाल्या. “फरक नाही, हाही निष्कर्षच आहे. उद्या शेवटची तारीख. लिही आणि पाठव.”

त्यांचं काय जात होतं? त्यांना रात्री त्या घरात जेवायचं नव्हतं.

जेवताना मी सांगितलं. आधी इकडचं तिकडचं बोलले, मग एका दमात सांगून टाकलं. सासऱ्यांचा घास हातातच राहिला.

“म्हणजे घुसळण केली काय आणि न केली काय, सारखंच?”

घुसळण. त्यांनी तो शब्द उच्चारलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांची टिंगल केली, पोरांनी नावं ठेवली, मोठ्या बाईंनी पुरावा मागितला, तरी हा माणूस ‘दहा मिनिटं’ सोडून दुसरं काही म्हणाला नव्हता, आणि आज माझ्या आकड्यांनी त्यांच्या तोंडून तो शब्द काढला. त्यांनी हात धुतले आणि पायरीवर जाऊन बसले. नुसते बसले. पाय हलत नाहीत, खांदे फिरत नाहीत, काही नाही. नवऱ्याने दाराआडून एकदा पाहिलं आणि या प्रकरणात तोंड न घालण्याचा शहाणपणा दाखवला. सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “तापाने फणफणलेले असतानासुद्धा हे असे बसले नव्हते गं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात काहीच वाजलं नाही. सगळं घर उशिरा उठलं.

चहाच्या वेळी सासरे कपाकडे बघत बसले होते. सासूबाईंनी दोन-चारदा भांडी आपटली, तरी ते ढिम्म. शेवटी त्या समोर येऊन उभ्या राहिल्या. “अहो, मी काही तुम्हाला आजपासून ओळखत नाही. हे नुसतं दुःख नाही. काहीतरी लपवताय तुम्ही. बोला.”

“काही नाही.”

“बोला म्हणते ना!”

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परत कपाकडे. “मुलं कुडकुडत होती,” ते म्हणाले.

“कोणती मुलं?” मी विचारलं.

“बसवलेली.”

मला अजूनही कळेना. मी म्हटलं, हो, थंडी होती ना.

“मग मी त्यांना म्हटलं, उठा जरा. नुसत्या उड्या मारा. एका पायावर.”

मी कप खाली ठेवला. “बाबा. कधी?”

“पहिल्या दिवशी.”

“फक्त पहिल्या दिवशी?”

“आणि मग रोज.”

“रोज! आणि नुसत्या उड्या?”

“कंबरही,” ते म्हणाले. “पण टाळ्या नाही घेतल्या हां. शपथ. टाळ्यांचा आवाज तुझ्यापर्यंत गेला असता.”

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. माझा आवाज सासऱ्यांच्या तोडीचा आहे हे त्या दिवशी गल्लीला कळलं. आठवडाभराची मोजणी, पहाटेची थंडी, खडूने पांढरे झालेले माझे कपडे, सगळं पाण्यात! आणि ती पोरं! वर्गात कुणी पेन उचललं तर दुसऱ्या मिनिटाला चुगली करणारी पोरं, आठवडाभर एकानेही तोंड उघडलं नाही. बाबांनी “ताईला सांगू नका” म्हटल्यावर त्यांनी जी काही निष्ठा दाखवली ती अभ्यासात दाखवली असती तर मोठ्या बाईंना काही तक्रारच उरली नसती.

सासूबाई मात्र हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग खुर्ची धरून. “अगं, तीस वर्षं या माणसाने मला सुखाने एक मिनिट बसू दिलं नाही,” त्या म्हणाल्या, “आणि तू मुलांना बसवून ठेवायला यांना नेमलंस! यांना?”

राग अर्धा माझ्याकडेच वळला.

“पण काल रात्री का नाही बोललात?” मी विचारलं.

“बोललो असतो तर तुझं काम वाया. नाही बोललो तर माझं,” सासरे म्हणाले. “रात्रभर तेच चाललं होतं डोक्यात. मला आपलं वाटलं होतं, बसणाऱ्यांनी थोडी केली तर काय बिघडतं. पूर्ण करणारे जास्तच उडतील ना.” मग हळूच म्हणाले, “आता लिहून टाक ना, फरक पडतो म्हणून. पडतोच की. तुलाही माहितीये, मलाही माहितीये.”

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझं मन डळमळलं. संगणकावर ती फाइल उघडीच होती. बसणाऱ्यांच्या उड्या जराशा खाली आणायच्या, एवढंच. मॅडमना कळलं नसतं, परिषदेला कळलं नसतं, मोठ्या बाईंना पुरावा मिळाला असता आणि अंगणात उद्यापासून पुन्हा उड्या. पण मला माझाच राग आला.

“नाही बाबा,” मी म्हटलं. “मला फरक पडतो की नाही ते माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुम्हीच कळू दिलं नाहीत.”

त्यांनी कप उचलला आणि चहा मात्र संपवला.

मॅडमच्या खोलीत जाऊन मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना हसू आवरत नव्हतं हे मला स्पष्ट दिसत होतं, पण पदाची म्हणून एक प्रतिष्ठा असते. “हे आकडे बाद,” त्या म्हणाल्या. “हा गोषवारा जाणार नाही.”

मला तिथेच रडू फुटलं. मोजायला परत आठवडा हवा होता आणि मुदत त्याच दिवशी पाचला संपत होती.

“रडतेस काय?” मॅडम म्हणाल्या. “पाच वाजेपर्यंत बस इथे.”

“पाचला काय होणार?”

“बस म्हटलं ना.”

बसले. त्या पेपर तपासत होत्या. पाच वाजले, काही झालं नाही. साडेपाचच्या सुमारास त्यांनी संगणक माझ्याकडे वळवला. परिषदेच्या पानावर ठळक अक्षरांत आलं होतं: संशोधकांच्या आग्रहास्तव मुदत दहा दिवसांनी वाढवण्यात येत आहे. “मुदत न वाढवणारी परिषद मी अजून पाहिलेली नाही,” मॅडम म्हणाल्या. “आग्रह कोण करतं तेही आजवर कळलेलं नाही. आता पळ. नवीन मुलं घे. आणि सासऱ्यांना मैदानावरून हलव.”

हलवायचं कुठे? घरी ठेवावं तर शाळेच्या आणि आमच्या अंगणाच्या मध्ये एकच भिंत, आणि ती त्यांच्या आवाजाला पुरेशी नाही. शेवटी मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. पुरावा त्यांनीच मागितला होता, तेव्हा तो मिळेपर्यंत सर रोज सकाळी अर्धा तास त्यांच्या खोलीत, त्यांच्या समोर, खिडकीकडे पाठ करून बसतील. बसणाऱ्या मुलांकडे कोण बघणार? सासूबाई म्हणाल्या, मी बघते. घरातली होती नव्हती ती पांघरुणं गोळा करून त्या टाकीमागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि मुलं त्यांच्या दोन्ही बाजूंना पांघरुणात शिरून बसली. पांघरुणाने उडी वाढत नाही, असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं. मुलांना पांघरूण द्यावं हे सासऱ्यांना आठवडाभरात सुचलं नव्हतं, आणि मलाही नाही, हेही इथे कबूल करते. सासूबाई आल्या त्या खुशीत. “इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी म्हणालं, बसा.”

मोठ्या बाईंच्या खोलीत काय चाललं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळलं. पहिल्या दिवशी सासरे बसले आणि त्यांच्या टाचा आपोआप वर-खाली व्हायला लागल्या. टेबल हलायला लागलं. बाईंनी पाय स्थिर ठेवायला सांगितलं. मग खांदे फिरायला लागले. खांदे थांबवले, तर ते ओठातल्या ओठात आकडे मोजायला लागले, कारण बाहेर या घडीला डावा पाय चालू असणार हे त्यांना घड्याळ न बघता कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंकडे नीट पाहून विचारलं, “बाई, तुम्ही दिवसाला किती वेळ बसता?” बाईंनी समोरची वही पुढे ओढली. “मान पुढे आलीय तुमची. डावा खांदा उतरलाय. विचारलं नाहीत, पण सांगतो.” तिसऱ्या दिवशी म्हणे बाई कामाचं निमित्त काढून तीनदा बाहेर आल्या, आणि प्रत्येक वेळी परत गेल्यावर सासरे त्यांच्याकडे बघून म्हणाले, “आता बरं वाटतंय ना?”

चौथ्या दिवशी बाईंनी मला व्हरांड्यात गाठलं. एक हात मानेवर होता.

“तुमचे सासरे परत घ्या,” त्या म्हणाल्या. “दहा मिनिटं मंजूर. पुरावा नको, काही नको. आजच लेखी देते. पण त्यांना माझ्या खोलीतून न्या.”

मी तशीच पळत खोलीत गेले. “बाबा, मंजूर झालं! बाईंनी मंजूर केलं!”

सासरे खुर्चीत बसले होते. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले, ते उचलले जाऊ नयेत म्हणून.

“मोजणी किती राहिली?” त्यांनी विचारलं.

“दोन दिवस. पण आता गरज काय—”

“मग दोन दिवस बसतो.”

“अहो बाबा, मंजूर झालं म्हणतेय ना मी!”

“त्या कंटाळल्या म्हणून झालंय,” ते म्हणाले. “या सत्रानंतर मी निवृत्त होणार. पुढच्या वर्षी आणखी कुणी बाई येतील. त्यांना कंटाळा आणायला मी असेन का इथे?” आणि ते पुन्हा सरळ बसले. माझ्या मागे दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. त्यांनी हे सगळं ऐकलं, एक मोठा सुस्कारा सोडला आणि आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या. दोघंही दोन दिवस बसले. मला सासऱ्यांचा इतका अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि तो मी त्यांना बोलून दाखवला नाही, कारण दाखवला असता तर ते हवेत उडाले असते आणि मला तीही उडी मोजावी लागली असती.

या वेळी फरक निघाला. घुसळणारी मुलं बसणाऱ्यांपेक्षा वर उडाली. बोटाच्या पेराएवढंही नाही, त्याहून जरा कमी, पण योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही इतकं, असं मॅडम म्हणाल्या. सासऱ्यांना मी बोटावर दाखवलं.

“एवढंच?”

“एवढंच.”

ते आपल्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “पण आहे ना?”

“आहे.”

वाढवलेल्या मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक ठेवून बसलो. सासूबाई शेजारी, सासरे खुर्चीमागे उभे. ते माझ्या खांद्यावरून वाचत होते, मोठ्याने.

“‘अल्प पण स्पष्ट फरक आढळला.’ अल्प कशाला? अल्प काढ.”

“नाही काढता येणार.”

“मग ‘पण’ तरी ठळक कर.”

“बाबा!”

ते पुढे वाचत गेले. शेवटून दुसरं वाक्य मला लिहायला सर्वांत जास्त वेळ लागला होता. पहिला फसलेला प्रयत्न लपवायचा नाही, तोही सांगायचा, असं मॅडमचं म्हणणं होतं. मला ते पटत होतं आणि तरी मी ते दोनदा खोडून परत लिहिलं होतं. सासऱ्यांचा आवाज खाली आला. “‘पहिल्या प्रयत्नात तीस वर्षांचा अनुभव असलेल्या प्रशिक्षकाने नियंत्रण गटाकडूनही व्यायाम करून घेतला. तो प्रयत्न बाद धरला आहे.’”

“हे भिंतीवर लागणार?” सासूबाईंनी विचारलं. “सगळ्यांसमोर? मोठ्या बाईही बघणार?”

“हो,” मी म्हटलं. मी मागे वळून बघितलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

“खरं आहे ते,” सासरे म्हणाले. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. “पण का करून घेतला ते नाही लिहिलंस.”

“जागा नाही, बाबा. अडीचशे शब्द झाले. एक जरी वाढला तरी परिषदेचं पान घेत नाही.” मी करून दाखवलं. एक शब्द जास्त टाकला, चौकट लाल झाली.

“मुलांना थंडी वाजत होती,” ते म्हणाले आणि बोटांवर मोजलं. “चारच शब्द आहेत.”

“चारही बसणार नाहीत.”

ते पुढे वाकले. चष्मा नाकावर ओढला आणि एक बोट पडद्यावर, ओळीखालून, शब्दाशब्दाला थांबत सरकवलं. मग ते बोट मागे नेऊन तेच शब्द पुन्हा मोजले. “तीस. वर्षांचा. अनुभव. असलेल्या. हे चार काढ.”

“बाबा, ते मी मुद्दाम लिहिलंय. वाचणाऱ्याला कळायला हवं ना, तुम्ही कोण—”

“वाचणाऱ्याला काय करायचंय माझ्या वर्षांशी,” ते म्हणाले. “काढ.”

मी चार शब्द काढले आणि चार शब्द घातले. मग आधी डोळे पुसले, कारण पाठवायचं बटण मला दिसत नव्हतं.